एप्रिलमध्ये धावफलक सोडा, पिचरचा हात बघा

प्रश्न असा आला आहे: "दोन वर्षांपूर्वी नाशिकहून अमेरिकेत आलो आणि बेसबॉलचं वेड लागलं. सीझन सुरू होऊन दोन आठवडे झालेत. आमच्या टीमच्या एक नंबरच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, दोन्ही सामन्यांत मार खाल्ला, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) सातच्या वर गेलाय. उलट पाचव्या नंबरच्या पिचरने, ज्याचं नावही मी ऐकलं नव्हतं, 11 इनिंगमध्ये एकच रन दिलाय. ऑफिसातले सगळे म्हणतात, एक्का संपला. रात्री झोप लागत नाही. एवढ्या लवकर काय धरायचं आणि काय सोडून द्यायचं?"

ईआरए सोडून द्या. वेग धरा, कॅचरचा मिट (चेंडू झेलायचा हातमोजा) धरा, हवेत फिरणाऱ्या बॅटी धरा. तुमचा एक्का संपला आहे की नाही याचं उत्तर त्यात आहे. सातच्या वर गेलेल्या आकड्यात ते नाही.

मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलो, नोकरीसाठी मिशिगनला आलो आणि गेली 19 वर्षं इथल्या हायस्कूलच्या पोरांना पिचिंग शिकवतोय. दर एप्रिलला हाच प्रश्न मला पालक विचारतात, फक्त तो त्यांच्या मुलाबद्दल असतो.

आधी साधा हिशेब करू. मेजर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, तिच्यात एक टीम 162 सामने खेळते. आयपीएलच्या साखळीत एक संघ 14 खेळतो. भागाकार केला तर बेसबॉलचे साडेअकरा सामने म्हणजे आयपीएलचा एक सामना. तुम्ही ज्या दोन आठवड्यांमुळे झोप घालवताय, ते म्हणजे मुंबई इंडियन्सची पहिली मॅच. 2013 पासून 2025 पर्यंत मुंबई दर सीझनची पहिली मॅच हरली आणि त्याच काळात पाच वेळा चषक घेऊन घरी आली. वानखेडेवर बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बेसबॉलमध्ये मात्र तोच माणूस बाराव्या सामन्याला हाय खातो, कारण सामने रोज असतात आणि रोजचं दुखणं जास्त टोचतं.

पिचर तर रोज खेळतही नाही. पाच-सहा दिवसांनी एकदा त्याची पाळी येते. वर्षभर धडधाकट राहिला तर 30-32 सामने सुरू करतो. त्यातले दोन झालेत.

ईआरए म्हणजे पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, फील्डरच्या चुकांमुळे आलेल्या वजा करून. इनिंग थोड्या असल्या की हा आकडा पिसाटतो. याचं सगळ्यात लख्ख उदाहरण योशिनोबू यामामोटोचं. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमने त्याला जपानहून 12 वर्षांसाठी 32.5 कोटी डॉलर देऊन आणलं, तेव्हा त्याने मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नव्हता. पहिला सामना 21 मार्च 2024 ला सोलमध्ये, पाड्रेस टीमविरुद्ध. आमच्याकडे पहाटेचे सहा वाजले होते. मी चहा टाकून टीव्हीपुढे बसलो आणि चहा संपेपर्यंत त्याचा सामना संपला होता. एक इनिंग, 43 चेंडू, 5 धावा. ईआरए 45.00. त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, पैसे पाण्यात गेले. नऊ दिवसांनी लॉस एंजेलिसला त्याने सेंट लुईसविरुद्ध 5 इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. मध्ये खांद्याच्या दुखण्याने काही महिने बाहेर बसला, तरी वर्षअखेरीला 90 इनिंग, 30 धावा, ईआरए 3.00. त्या 30 मधल्या 5 धावा सोलच्या त्या एकाच इनिंगमधल्या. ती बाजूला काढली तर 89 इनिंगमध्ये 25, म्हणजे 2.53. एका वाईट सकाळचा डाग वर्षभर त्याच्या आकड्यावर राहिला, हातात मात्र तेव्हाही काही खोट नव्हती.

आता थंडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नाशिकच्या माणसाला एप्रिलमध्ये थंडी हे कारण पटत नाही.

बेसबॉलचा चेंडू साधारण 145 ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका. त्यावर लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके. चेंडू वळतो, बुडतो, आत येतो, ते सगळं त्या शिवणीवर बोटं कशी बसतात आणि सुटताना तिला कसा ओढा देतात यावर. नवा चेंडू फार गुळगुळीत असतो, म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला डेलावेअर नदीच्या एका फाट्यातला चिखल चोळून त्याची चकाकी घालवतात. क्रिकेटमध्ये चेंडू जुना होत होत गोलंदाजाच्या हाताशी येतो. इथे तसं होत नाही. चेंडू मातीत आपटला की बदलतात, फाऊल गेला की नवा येतो. म्हणजे गारठ्यात पिचरला दर दोन-चार चेंडूंनी नवं, थंडगार कातडं हातात घ्यावं लागतं. माऊंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, एरवी हातावर फुंकर मारायला बंदी आहे. पण गारठा असेल तर दोन्ही मॅनेजरांच्या संमतीने अंपायर तेवढी मुभा देतो, तशी नियमातच सोय आहे.

गेल्या एप्रिलमधली आमच्या मैदानावरची एक संध्याकाळ सांगतो. तापमान 4 अंश सेल्सियस. डावखुरा पोरगा, वय 16, मागच्या खिशात गरम पुडी. पहिल्याच इनिंगमध्ये त्याने चार वॉक दिले, म्हणजे चेंडू भलतीकडे टाकून चार बॅटरना फुकट बेस दिला. कर्व्हबॉल (वळून खाली बुडणारा चेंडू) टाकताना बोट शिवणीवरून सटकायचं, चेंडू फिरायचाच नाही, बॅटरच्या छातीसमोर लोंबकळत राहायचा आणि तिथून मार खायचा. वडील जाळीमागे उभे, दर चेंडूला मान खाली. मी रडार गन धरून होतो. ताशी 77, 78, 77 मैल. दोन आठवड्यांपूर्वी जिमच्या उबेत हेच आकडे होते. पुढचा पाय जिथे पडायला हवा तिथेच पडत होता, खांदा लवकर उघडत नव्हता. इनिंग संपवून तो आत आला तेव्हा त्याच्या तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं पांढरी फटक पडली होती. मी ती माझ्या हातात धरून चोळली आणि त्याला एवढंच सांगितलं, "तुझं काही बिघडलेलं नाही. बोटं गार आहेत." वडिलांनाही तेच सांगितलं, त्यांचा विश्वास बसला नाही. जूनमध्ये त्याच पोराच्या त्याच कर्व्हबॉलवर बॅटर वाकून हवेत बॅट फिरवत होते.

थंडी पिचरला मदतही करते, आणि तुमच्या पाचव्या नंबरच्या पिचरबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा. गार हवा दाट असते, उंच मारलेला चेंडू कमी लांब जातो. बॅटच्या मुठीजवळ चेंडू लागला तर बॅटरच्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, मग पुढच्या दोन चेंडूंवर तो जपूनच बॅट काढतो. शिकागोच्या रिगली फील्डवर एप्रिलमध्ये मिशिगन सरोवरावरून वारा मैदानात शिरला, तर जुलैत भिंतीपलीकडे गेले असते असे चेंडू सेंटर फील्डर आरामात झेलतो. फलकावर शून्य लागतं. ते शून्य पिचरचं किती आणि वाऱ्याचं किती, हे फलक सांगत नाही.

मग बघायचं काय?

मी टीव्हीवर सामना बघताना चेंडूकडे कमी आणि कॅचरच्या मिटकडे जास्त बघतो. कॅचर मिट एका जागी धरतो, म्हणजे चेंडू तिथे हवा असतो. चेंडू येईपर्यंत मिट किती हलला? गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मागितलेला फास्टबॉल कंबरेच्या मधोमध येत असेल तर दोन आऊट मिळाले तरी तो पिचर नशिबावर चाललाय. आणि मिट जागचा हलत नसेल, तर सिंगलमागून सिंगल पडून चार धावा गेल्या तरी मी निर्धास्त असतो. कारण बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी साधारण दहातले तीन हिट होतात, म्हणजे बॅटर त्यावर सुखरूप बेसवर पोचतो, आणि त्यातला कुठला फटका शॉर्टस्टॉपच्या डाव्या हाताला जाईल आणि कुठला उजव्या, हे पिचरच्या हातात फार थोडं असतं. दोन सामन्यांत दहातले पाच पडू शकतात. वर्षभरात ते बहुतेक परत तिनाच्या आसपास येतं.

वेगाचं म्हणाल तर तुमच्या पिचरचा वेग दुसऱ्या कुणाशी लावू नका. त्याच्याच गेल्या वर्षीच्या एप्रिलशी लावा, सप्टेंबरशीही नको. बहुतेकांचा हात एप्रिलमध्ये किंचित मंद असतो आणि ऊन तापत जातं तसा मोकळा होतो. एखादा मैल इकडे-तिकडे गेला तर मी मनावर घेत नाही. पण लागोपाठ तीन सामन्यांत फास्टबॉल दोन-तीन मैलांनी कमी असेल आणि चौथ्या इनिंगपर्यंत आणखी घसरत असेल, तर धावा शून्य असल्या तरी मला काळजी वाटते.

तिसरं, बॅटर हवेत बॅट फिरवताहेत का. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला की तो स्ट्राइकआउट; त्यात फील्डर नसतो, वारा नसतो, नशीब जवळजवळ नसतं. म्हणून स्ट्राइकआउटचं प्रमाण सगळ्यात लवकर खरं बोलायला लागतं. वॉकचं त्याहून थोडं उशिरा. हिट्स आणि होम रनचं कित्येक महिने लागतात.

2025 च्या सुरुवातीला आमच्या डेट्रॉईटमध्ये अगदी तुमच्यासारखीच रड होती. टायगर्स डॉजर्सकडून पहिले तिन्ही सामने हरले. टायगर्सचा पिचर तारिक स्कुबल, आदल्या वर्षीच्या साय यंगचा (सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा) विजेता, स्वतःचे पहिले दोन सामने हरला. किराणा दुकानातल्या रांगेत लोक मला थांबवून विचारत होते. मी वेग बघितला होता, तो जागेवर होता, म्हणून मी शांत होतो. 25 मे ला क्लीव्हलंडविरुद्ध त्याने एकट्याने पूर्ण सामना टाकला: 94 चेंडू, 13 स्ट्राइकआउट, एकही धाव नाही. शेवटचा चेंडू ताशी 102.6 मैल, म्हणजे 165 किलोमीटर. नवव्या इनिंगमधला, 94 वा चेंडू! मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. वर्षअखेरीला 241 स्ट्राइकआउट, फक्त 33 वॉक, ईआरए 2.21 आणि पुन्हा साय यंग.

आता तुमचा पाचव्या नंबरचा. त्याच्यावर प्रेम करा, पण त्याच्यावर घर बांधू नका.

21 एप्रिल 2012 ला फिलिप हंबरने सिएटलमध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून परफेक्ट गेम टाकला. 27 बॅटर आले, 27 आऊट झाले, एकही बेसवर पोचला नाही. मेजर लीगच्या सगळ्या इतिहासात तोवर असं फक्त 20 वेळा झालं होतं. पुढच्याच सामन्यात बोस्टनने त्याला 9 धावा ठोकल्या आणि त्या वर्षीचा त्याचा ईआरए 6.44 राहिला. उलट बाजूला क्लिफ ली. 2007 मध्ये इतका वाईट खेळला की त्याला खालच्या, मायनर लीगला पाठवावं लागलं होतं. 2008 च्या एप्रिलमध्ये पाचही सामने जिंकला. सगळे म्हणाले, उतरेल. तो उतरला नाही, 22 विजय आणि 3 पराभवांनी साय यंग घेऊन गेला. हंबरचा तो सामना आणि लीचा एप्रिल फलकावर सारखेच झळाळते. फरक होता टिकण्यात. ली कुणाला फुकट बेस देतच नव्हता, आणि तसाच वर्षभर राहिला: 223 इनिंगमध्ये 34 वॉक. कॉर्बिन बर्न्सचं 2021 मध्ये असंच झालं. सीझनचा पहिला वॉक देण्याआधी त्याचे 58 स्ट्राइकआउट झाले होते. अशा एप्रिलवर मी लगेच विश्वास ठेवतो, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा हात नसतो. तेव्हा तुमच्या पिचरच्या त्या 11 इनिंगमध्ये वॉक किती आणि स्ट्राइकआउट किती, ते काढा. सात वॉक आणि पाच स्ट्राइकआउट असतील, तर तो एक रन म्हणजे उधारी आहे.

चांगला आकडा धोका लपवतो, याचं मला सगळ्यात जास्त लागलेलं उदाहरण 2024 च्या एप्रिलमधलं. शेन बीबरने क्लीव्हलंडसाठी पहिल्या दोन सामन्यांत 12 इनिंग टाकल्या. 20 स्ट्राइकआउट, धावा शून्य. माझे वरचे सगळे निकष त्याने पुरे केले होते. आणि 6 एप्रिलला बातमी आली की कोपराचं लिगामेंट गेलं, टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागणार. त्याच दिवशी अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरच्याही कोपराची बातमी. त्याचा ईआरए होता 7.00. एकाचे आकडे देखणे, दुसऱ्याचे कुरूप, दुखणं एकच. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, त्यावरून तिला त्याचं नाव पडलं. आज ती झाली की वर्ष-दीड वर्ष गेलंच म्हणून समजा.

म्हणून मी पोरांच्या आकड्यांआधी त्यांच्या सवयी बघतो. दोन चेंडूंमध्ये मनगट झटकणं. कोपराच्या आतल्या बाजूला नकळत जाणारा दुसरा हात. नेहमी पटकन टाकणाऱ्या मुलाने अचानक वेळ काढणं. एका मुलाला मी शून्य धावा दिलेल्या असताना, आठ स्ट्राइकआउट झालेले असताना पाचव्या इनिंगमध्ये काढलं, कारण त्याने तीनदा हात झटकला होता. आई-वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तपासणीत लिगामेंटला सूज निघाली, फाटलं नव्हतं. सहा आठवड्यांनी तो परत आला. आज पुन्हा तसंच घडलं तर मी पुन्हा त्याला काढीन.

यावरून आणखी एक. एप्रिलमध्ये मॅनेजर पिचरला 80-85 चेंडूंवर काढतो तेव्हा प्रेक्षक शिव्या घालतात. तुम्ही घालू नका. 13 एप्रिल 2022 ला मिनियापोलिसमध्ये डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉने वर्षाच्या पहिल्याच सामन्यात 7 इनिंग परफेक्ट टाकल्या. 21 आले, 21 गेले, 13 स्ट्राइकआउट, फक्त 80 चेंडू. आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला काढलं. अख्खा देश चिडला. पण त्या वर्षी मालक-खेळाडूंच्या वादामुळे सरावाचे आठवडे कमी पडले होते, तापमान 3-4 अंश होतं आणि कर्शॉ आदल्या वर्षी हाताच्या दुखण्याने संपवून आला होता. कर्शॉने स्वतः मॅनेजरची बाजू घेतली. इतिहास हुकल्याची हळहळ मलाही आहे, तरी मी त्या जागी असतो तर तेच केलं असतं.

हे सगळं वाचून एप्रिलचा आनंदच घेऊ नका असं मी म्हणतोय असं वाटायला नको. 16 एप्रिल 1940 ला, 21 वर्षांच्या बॉब फेलरने सीझनच्या पहिल्याच दिवशी शिकागोच्या गारठ्यात व्हाइट सॉक्सला एकही हिट मिळू दिला नाही. सामन्याआधी त्यांच्या प्रत्येक बॅटरची सरासरी शून्य होती, सामन्यानंतरही शून्यच. त्या वर्षी फेलरने 27 सामने जिंकले. हंबरचा तो दुपारचा खेळही तितकाच खरा आहे. पुढे 6.44 झाला म्हणून 27 पैकी एकही आऊट परत जात नाही. नाचावंसं वाटलं तर नाचा, फक्त त्याच रात्री एक्क्याला निरोप देऊ नका.

आणि यामामोटो आणि बीबर यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. 1 नोव्हेंबर 2025, टोरंटो, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना, अकरावी इनिंग, 4-4. टोरंटोच्या ब्लू जेजकडून माऊंडवर शेन बीबर, शस्त्रक्रियेनंतर त्याच ऑगस्टमध्ये परतलेला. दोन आऊट असताना डॉजर्सच्या विल स्मिथने त्याला होम रन मारला. दुसऱ्या बाजूने शेवटचे आठ आऊट कुणी काढले? योशिनोबू यामामोटोने, आदल्याच रात्री 96 चेंडू टाकून सहावा सामना जिंकल्यानंतर. मालिकेतले तीन विजय त्याच्या नावावर, मालिकावीरही तोच. सोलच्या त्या 45.00 ईआरएला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

तुमच्या एक्क्याचा तिसरा सामना या आठवड्यात येईल. जमलं तर टीव्हीवर बघू नका, मैदानावर जा आणि तासभर आधी पोचा. सुरू करणारा पिचर सामन्याआधी अर्धा-पाऊण तास बुलपेनमध्ये हात गरम करतो. आमच्या कोमेरिका पार्कात दोन्ही बुलपेन लेफ्ट फील्डच्या भिंतीमागे आहेत, तिथे कठड्याशी उभं राहिलं की कॅचरच्या मिटचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. तुमच्या मैदानावर बुलपेन कुठून दिसतं ते विचारून घ्या. पहिले दहा चेंडू हळू असतील, ते जाऊ द्या. विसाव्यानंतर मिट न हलता कडाड असा आवाज यायला लागला, तर त्या रात्री निकाल काहीही लागो, तुम्ही घरी येऊन झोपा. कानटोपी आणि जाड हातमोजे न्या, रात्री आठनंतर बाकडी फार गार पडतात.